बिघाड पिस्तुलातच आहे

४ सप्टेंबर, सकाळी ६.४०

आजपासून रोजनिशी. मोठे नेमबाज लॉग ठेवतात. तो कोणाला दाखवायचा नसतो, त्यामुळे त्यात खरं लिहिता येतं. मी खरंच लिहिणार आहे.

काल रेंजवर साठ शॉट, सहाशेपैकी ५०७. गेल्या वर्षी याच महिन्यात ५५१. चव्वेचाळीस गुण गेले कुठे? माणूस तोच, डोळे तेच, दहा मीटरही तेवढेच. उरलं काय? पिस्तूल. साधं गणित आहे.

सामना २८ तारखेला. क्लबच्या तिघांच्या टीममध्ये राहायचं तर ५३५ हवेत. चोवीस दिवस हातात आहेत. संकल्प: पिस्तुलाचा एकेक भाग तपासून बिघाड शोधणे. घाबरण्याचं कारण नाही.

चहा घेताना ताई माझ्या कपाकडे बघत होती. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, निवृत्त नर्स. भावोजी गेल्यापासून ती माझ्याकडे राहते. तिच्या मते मी तिच्याकडे राहतो. मी म्हटलं, काय गं? म्हणाली, काही नाही, बशी वाजतेय. बशीचा टवका उडालेला आहे, वाजणारच.

बाबांच्या हाताचा इथे काहीही संबंध नाही. एकदा लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा विचार करायला नको.

६ सप्टेंबर, संध्याकाळी

सापडलं. ट्रिगर जड आहे.

नियम असा: एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला अर्ध्या किलोचं वजन लटकवून उचलतात. ट्रिगरने ते पेललं पाहिजे, सुटता कामा नये. म्हणजे पाचशे ग्रॅम जोर लावल्याशिवाय शॉट जाऊ नये. माझा ट्रिगर पाचशे चाळीसचा तरी असणार. वरचे चाळीस ग्रॅम मी फुकट ओढतोय, तेही साठ वेळा. अशाने भल्याभल्यांचा हात थरथरेल. थरथरेल नव्हे, हलेल.

घरी वजन नव्हतं. अर्धा किलो साखरेची पिशवी दोरीने ट्रिगरला अडकवली. पिस्तूल रिकामं, नळीत सेफ्टीची केशरी दोरी. नियम म्हणजे नियम. ट्रिगरचा स्क्रू अर्धा फेरा सैल केला. पेललं. आणखी पाव. पेललं. आणखी जरासा... खट्. दोरी निसटली, पिशवी फुटली, साखर पार कपाटाखाली.

ताई म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. ही म्हण मला लहानपणापासून अन्यायाची वाटते. अंगण खरंच वाकडं आहे का, हे कोणी कधी मोजून पाहिलंय का?

स्क्रू परत पाव फेरा घट्ट केला. आता ट्रिगर बरोबर पाचशेचा. उद्या ५३०, लिहून ठेवा.

७ सप्टेंबर

४९९. ग्रॅम नव्हे, गुण.

घरात मुंग्या झाल्यात.

९ सप्टेंबर, दुपारी २

ट्रिगर निर्दोष. दोष मुठीत आहे. लाकडी मूठ माझ्या तळहाताला चिकटून बसत नाही, मधे फट राहते. त्या फटीतच सगळी हालचाल होते. यावर उपाय पुट्टी. मुठीवर पुट्टी थापायची, ओली असताना पिस्तूल धरायचं, हाताचा साचा उमटतो. मग कानस. फक्त मनगटाला आधार मिळता कामा नये, मनगट मोकळं हवं, नाहीतर तपासणीत बाद. नियमपुस्तकातलं ते पान मला पाठ आहे.

हाताला तेल लावायला विसरलो. पुट्टी वाळली. पन्नास मिनिटं मी स्वयंपाकघरात पिस्तूल धरून उभा होतो, पोलीस आले असते तर काय सांगणार होतो देव जाणे. शेवटी ताईने कोमट पाणी आणि साबण घेऊन बोट बोट सोडवलं. सोडवताना माझा हात तिने जरुरीपेक्षा जास्त वेळ हातात धरून ठेवला. नर्सची सवय. मी काढून घेतला.

साचा बघितला तर प्रत्येक बोट दोन-दोनदा उमटलंय. सर म्हणाले, काका, धरताना हात हलला असेल. सर म्हणजे आमचे कोच, वय वर्षं एकतीस. मला काका म्हणतात, ताईला मात्र मॅडम. मी म्हटलं, पुट्टी पातळ होती. चांगला मुलगा आहे, पण पुट्टीतलं त्याला कळत नाही.

११ सप्टेंबर

आज दुकानात वाईट झालं.

चष्म्याच्या दुकानात मी सव्वीस वर्षं फिटिंग करतोय. एक बाई आल्या, नाकावरची पॅड बदलायची होती. दोन मिनिटांचं काम. स्क्रू तिळाएवढा. पहिला पडला. दुसरा पडला. तिसरा भोकाच्या तोंडाशी नेला आणि तो नुसता भोकाभोवती फिरत राहिला. बाई माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या, मग हाताकडे, मग परत चेहऱ्याकडे. शेवटी काउंटरवरची मुलगी आली, म्हणाली, द्या मी करते, तुम्ही जेवून घ्या. साडेदहा वाजले होते.

पेचकस झिजलाय. चुंबकवाला मागवला आहे.

पण मालकांनी काचेच्या केबिनमधून सगळं पाहिलं. काही बोलले नाहीत. बोलणारा मालक परवडतो. हा माणूस बोलत नाही, थेट ठरवतो. फिटिंगचं टेबल गेलं तर मला दुसरं काय येतं? फ्रेम पुसायला ठेवतील.

बाबांचा हात त्रेपन्नाव्या वर्षी हलायला लागला होता. मला डिसेंबरात त्रेपन्नावं लागेल. नोंद म्हणून लिहितोय. संबंध नाही.

१४ सप्टेंबर, सकाळी

मूठ झाली. आता बूट. तळवा सपाट हवा आणि घोटा उघडा राहिला पाहिजे, हा नियम. माझे बूट घोट्याच्या खालीच आहेत, पण मला शंका आली म्हणून कात्रीने आणखी कापले. आता चालताना निघतात.

संध्याकाळी: ५०३. बुटात उभं राहण्यावरच सगळं लक्ष होतं.

ताईचे ५३८.

यावर जास्त लिहायची इच्छा नाही. सात महिन्यांपूर्वी ती मला सोबत म्हणून रेंजवर यायची आणि लोकरीचं विणायची. एक दिवस सर म्हणाले, मॅडम, बघा तरी धरून. झालं. ती क्लबचं पिस्तूल वापरते. त्याच्या मुठीला चिकटपट्टी गुंडाळलेली आहे आणि नेम धरायच्या साइटवरचा रंग उडालाय. असल्या साधनावर ५३८ येतात याचा अर्थ त्या लेनच्या गुण दाखवणाऱ्या स्क्रीनमध्ये दोष आहे.

१६ सप्टेंबर, दुपारी

मोठा शोध!

पिस्तुलाच्या हवेच्या सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. दहा वर्षं झाली की तो वापरायचा नाही, जबाबदारी खेळाडूची. आज सहज बघितलं तर माझा याच महिन्यात संपतोय! म्हणजे २८ तारखेला तपासणीत बाद. नवा मागवायचा तर सहा आठवडे. म्हणजे सामना नाहीच!

काय हलकं वाटलं म्हणून सांगू. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. सरांना फोन करून अत्यंत जड आवाजात कळवलं की सर, नियमापुढे इलाज नाही. सर म्हणाले, काका, वर्ष नीट बघा.

दुकानातलं भिंग लावून पाहिलं. दोन वर्षं बाकी आहेत.

फार वाईट वाटलं. म्हणजे बरं वाटलं. खेळाडूला बरंच वाटायला हवं.

१८ सप्टेंबर, सायंकाळी ५

ताई भाजी आणायला गेली होती. घरात कोणी नाही हे पाहून एक प्रयोग केला. उजवा हात समोर सरळ धरला आणि त्यावर वर्तमानपत्राचं पान ठेवलं.

पान फडफडत होतं.

पंखा चालू होता. बंद केला. पान फडफडत होतं. खिडकी बघितली. बंद. दाराच्या फटीत पायपुसणं कोंबलं. पान फडफडत होतं. श्वास रोखला. ते फडफडतच राहिलं आणि त्याचा आवाज सबंध खोलीत ऐकू यायला लागला.

पान घडी करून ठेवलं. हात काखेत दाबून खुर्चीत बसून राहिलो. या घरात वारा कुठून शिरतो ते एकदा शोधायला हवं.

१९ सप्टेंबर

ताईने मला न विचारता डॉक्टरांची वेळ घेतली. मेंदू आणि नसांचे डॉक्टर. उद्या अकरा वाजता. मी म्हटलं, उद्या जमणार नाही, पिस्तूल मिस्त्रीकडे न्यायचंय. ती म्हणाली, पिस्तूल दोन दिवस थांबेल. मी म्हटलं, सामना थांबणार नाही. आवाज चढला. माझाच.

मग ती स्वयंपाकघरात गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात बाबांचे चमचे होते. मला वाटलं होतं ते केव्हाच भंगारात गेले. तिने ते माझ्यासमोर टेबलावर ओळीने मांडले. अकरा. लांब दांड्याचा, जाड दांड्याचा, लाकडी, वाकवलेला, रबर लावलेला. म्हणाली, प्रत्येक वेळी बाबा म्हणायचे हा चमचा बरोबर नाही, दुसरा आण. मी आणत गेले, छोट्या. दोन वर्षं मी चमचे आणत होते. डॉक्टरकडे न्यायला हवं होतं तेव्हा मी चमचे आणत होते.

मी म्हटलं, ते वेगळं होतं. ते चमचे खरंच गुळगुळीत होते.

ती चमचे गोळा करून आत गेली. आज तिने ताट वाढलं पण माझ्याबरोबर बसली नाही.

२० सप्टेंबर

डॉक्टरांकडे गेलो नाही. मिस्त्रीकडेही नाही, ते रजेवर होते. अकरा वाजता बसस्टॉपवर बसलो होतो. चार बस गेल्या.

खरं लिहायचं ठरलंय म्हणून लिहितो. डॉक्टर हातात काय बघतील त्याची भीती नाही. ते बघून झाल्यावर जे तोंड करतील त्याची आहे. बाबांच्या डॉक्टरांनी आधी चष्मा काढून टेबलावर ठेवला होता. त्या चष्म्याचं उजवं पॅड सैल होतं. माझं तिकडेच लक्ष होतं आणि ते काय बोलले ते मी ऐकलंच नाही.

२२ सप्टेंबर, दुपारी

मिस्त्री म्हणजे क्लबची हत्यारं दुरुस्त करणारे गृहस्थ. कमी बोलतात, कानावर पेन्सिल असते. त्यांना मी चार पानी तक्रार लेखी दिली: शॉट वर जातात, खाली जातात, डावीकडे जातात, उजवीकडेही जातात. त्यांनी वाचली आणि म्हणाले, बरं.

पिस्तूल त्यांनी व्हाइसमध्ये आवळलं. लोखंडी शिकंजा तो, टेबलाला बोल्टने पक्का. दहा मीटरवर कोरं कागदी टार्गेट. दहा छर्रे, एकापाठोपाठ एक. मग जाऊन कागद काढून आणला आणि माझ्यापुढे ठेवला.

एकच भोक. दहा छर्ऱ्यांचं मिळून एक. करंगळीचं नखसुद्धा त्यापेक्षा मोठं.

मिस्त्री म्हणाले, पिस्तुलाला काही झालेलं नाही, साहेब. मग पेन्सिल काढून कागदावर तारीख टाकली आणि सही केली. पैसे घेतले नाहीत. लोक असे का वागतात कळत नाही. घेतले असते तर बरं वाटलं असतं.

घरी येईपर्यंत विचार केला. शिकंज्याचं काय जातंय? त्याला ना सामना, ना मालक, ना बाप. टेबलाला बोल्ट मारून ठेवला तर मीही दहात दहा मारीन. या चाचणीतून माझ्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

कागद टेबलाच्या खणात उलटा ठेवलाय.

२५ सप्टेंबर

तीन दिवस उरले. हवामान, लेन्स, टोपी, डोळ्यावरची पट्टी, सगळं तपासून झालं. छर्ऱ्यांचे सहा ब्रँड झाले. छर्रे लोड करताना सांडतात, म्हणून चिमटा घेतला. चिमटाही वाजतो.

नवा चुंबकी पेचकस आला. स्क्रू त्याला चिकटतो, पडत नाही. आता पेचकस आणि स्क्रू दोघं मिळून भोकाभोवती फिरतात.

मालकांनी विचारलं, तब्येत बरी आहे ना? पाचावर धारण बसली. म्हटलं, फस्क्लास.

संकल्प: घाबरायचं नाही. २८ तारखेपर्यंत तरी नाही. त्यानंतर वेळ काढून बघू.

२७ सप्टेंबर, दुपारी ४

आज सामान तपासणी. एक लांब टेबल, त्यामागे तपासणीच्या बाई. खेळाडूंत त्यांचं नाव 'चाळणी'. त्यांच्या हातून भलेभले परत गेलेत. गेल्या वर्षी एकाची मूठ दोन मिलिमीटरने जास्त होती, बिचारा बाहेर बसून कानस मारत रडत होता. सगळी रांग चळाचळा कापत उभी होती. मीही, पण माझं कारण वेगळं होतं. मला वाटत होतं, कुठेतरी अडकावं.

पिस्तूल मापाच्या खोक्यात ठेवलं. बसलं. वजन: ठीक. सिलिंडरची तारीख: ठीक. बूट: एवढे का कापलेत, पण ठीक. मग ट्रिगर. बाईंनी नळी वर धरली, वजन अडकवलं, हळूच उचललं. मी डोळे मिटले. मनात म्हटलं, सुट. एकदाचा सुट. सुटला नाही.

म्हटलं, बाई, पुन्हा बघा, मला जरा हलका वाटतोय. त्यांनी पुन्हा उचललं. सुटला नाही. म्हटलं, ही पुट्टी मनगटाला टेकतेय का? टेकत नाही. म्हटलं, माझ्या शर्टाची बाही जाड आहे का? बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, सव्वीस वर्षांत 'पास करा' म्हणून हात जोडणारे खूप आले, 'नापास करा' म्हणणारे तुम्ही पहिले. काका, सगळं नियमात आहे. जा, उद्या छान खेळा.

पिस्तुलावर हिरवं स्टिकर लावलं. मी ते खिडकीजवळ नेऊन पाहिलं. कोपरा नीट चिकटला नव्हता. अंगठ्याने दाबून बसवला.

आता सामानात काही दोष नाही. लेखी आहे.

२८ सप्टेंबर, रात्री ८

ताईचा नंबर सकाळच्या फेरीत होता. ५४१. मी पाठीमागच्या खुर्चीतून पाहिलं. प्रत्येक शॉटनंतर ती पिस्तूल खाली ठेवायची आणि नुसती उभी राहायची. दूध तापायची वाट बघावी तशी.

माझी दुपारची फेरी, लेन चार. पंचाहत्तर मिनिटांत साठ शॉट. पहिल्या दहात ८१. साइट टार्गेटवर थांबेचना. वर येई, काळा गोल ओलांडून जाई, परत येई, पुन्हा जाई. दुसऱ्या दहात ७७. एक शॉट तर पाचात. स्क्रीन सगळ्यांना दिसते, पाठीमागे लोक बसलेले. कोणीतरी खोकलं, ते मलाच खोकलं असं वाटलं.

तेविसाव्या शॉटला मी हात वर केला. म्हटलं, पिस्तूल बिघडलंय. खरंच तसं म्हटलं, सगळ्यांसमोर, खड्या आवाजात. पंच आले, मिस्त्री आले. मिस्त्रींनी पिस्तूल पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. पंच म्हणाले, नियमानुसार दुसरं पास झालेलं पिस्तूल वापरता येईल, आहे का? मी नाही म्हणणार तेवढ्यात मागून ताई उठली. तिचं आणून माझ्यापुढे ठेवलं. चिकटपट्टीवालं. सकाळीच त्यातून ५४१ आलेले.

उचललं.

तेच. अगदी तसंच. वर, पार, परत, पार.

मग मात्र सारं बळ गेलं. त्याच्यापुढे कोणाकडे बोट दाखवायचं? टेबलाला? अंतराला? मी हातात ताईचं पिस्तूल धरून उभा होतो आणि मला इतकी भीती वाटत होती की पुढचा श्वास घ्यायचं लक्षात राहिलं नाही. बाबा दिसले. मांडीवर हात, आणि तो हात थांबवायला त्यांनी वर ठेवलेला दुसरा हात. म्हटलं, झालं. मीच आहे. बिघाड मी आहे.

उरलेले शॉट मारले. का मारले माहीत नाही. बहुधा खाली ठेवलं असतं तर सगळ्यांच्या समोर वळून बाहेर जावं लागलं असतं, आणि तेवढं धैर्य नव्हतं. एकूण ४६६. शेवटून पहिला. टीममधली माझी जागा ताईला मिळाली.

घरी येताना ती म्हणाली, छोट्या, उद्या फोन करू? मी म्हटलं, कर.

३ ऑक्टोबर, दुपारी

डॉक्टर तरुण निघाल्या. चष्मा नाही. थोडा धीर आला.

हात मांडीवर ठेवायला सांगितले. समोर धरायला सांगितले. नाकाला बोट लावा, माझ्या बोटाला लावा. चालून दाखवा. मनगट हातात घेऊन फिरवून पाहिलं. मग एक कागद आणि पेन दिलं, म्हणाल्या, मधून सुरुवात करून गोल गोल चकली काढा, पेन टेकवून, हात न टेकता. काढली. रेघ अशी आली की बसमध्ये बसून काढली असावी. म्हटलं, हे पेन फार बारीक आहे, पकड मिळत नाही. त्यांनी दुसरं दिलं. तीच रेघ. म्हटलं, शाई... आणि ताईने माझ्याकडे पाहिलं. मी पेन खाली ठेवलं.

डॉक्टरांनी ताईला विचारलं, वडिलांचा हात मांडीवर गप्प ठेवला तरी हलायचा? ताई म्हणाली, तेव्हाच जास्त. डॉक्टर म्हणाल्या, यांचा मांडीवर अगदी शांत आहे, काम करायला उचलला की हलतो. चालणं ठीक, स्नायू कडक नाहीत. आजच्या तपासणीत वडिलांचा आजार मला दिसत नाही. हा नुसता कंप आहे, खूप लोकांना असतो. औषध आहे. त्रास कमी होईल.

ताई रडायला लागली. चाळीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई, डॉक्टरांच्या टेबलावरचे कागदी रुमाल संपवले तिने. मी रडलो नाही. मला फक्त उठता येईना.

मग डॉक्टरांनी औषधाचं नाव लिहिलं. मी वाचलं. मला ते नाव माहीत होतं. नियमपुस्तकाच्या मागच्या भागात बंदी असलेल्या औषधांची यादी आहे, त्यात आहे ते. हात स्थिर होतो म्हणूनच नेमबाजांना बंदी. सामन्याच्या दिवशीच नव्हे, एरवीसुद्धा. मी छाती पुढे काढून डॉक्टरांना सांगितलं, हे मला चालणार नाही, मी स्पर्धक आहे. त्या म्हणाल्या, अरे वा. किती स्कोअर आला शेवटचा?

मी ताईकडे पाहिलं. ताई छताकडे बघत होती.

म्हटलं, लिहा औषध.

१४ ऑक्टोबर, संध्याकाळी ६

दहा दिवस झाले. आज दुकानात एका आजोबांच्या फ्रेमला चार स्क्रू बसवले. एक पडला. तीन पहिल्या फटक्यात. काउंटरवरची मुलगी म्हणाली, तुम्ही शिटी वाजवत होतात. मला कळलंही नाही. मालक केबिनमधून बघत होते. चहा पाठवला त्यांनी.

तिथून रेंजवर गेलो. स्पर्धक म्हणून नोंदणी रद्द करायचा फॉर्म असतो. नाव, लेन, तारीख, कारण. कारणाच्या रकान्यात मी सवयीने 'उपकरणात बि' एवढं लिहिलं. मग खोडलं आणि लिहिलं: हात थरथरतो. औषध घेतो. बंदी आहे.

हे लिहायला फारच त्रास झाला. दोन ओळींचा रकाना, पण कोणीतरी सगळ्यांसमोर कपडे काढायला सांगावं तसं वाटत होतं. फॉर्म सरांच्या हातात दिला आणि भिंतीकडे बघत उभा राहिलो. आता हे सगळीकडे होणार. मिस्त्रींना कळणार, चाळणीला कळणार, पोरंसोरं हळहळणार.

सरांनी वाचलं. म्हणाले, काका, हे आम्हाला मार्चपासून माहीत आहे.

मी म्हटलं, काय?

म्हणाले, हात. मार्चपासून दिसतोय सगळ्यांना. तुमच्या लेनखाली छर्रे सांडलेले असतात, आम्ही रोज झाडतो. मिस्त्रींनी तर तेव्हाच विचारलं होतं, यांना सांगायचं का. पण मी म्हटलं, त्यांना ठाऊकच असणार. ठाऊक असून रोज येतात, साठच्या साठ शॉट मारतात, सामन्यात सगळ्यांसमोर उभे राहतात. काका, नवीन पोरं घाबरली की मी तुमची लेन दाखवायचो. म्हणायचो, धैर्य म्हणजे काय ते तिकडे बघा.

मग सरांनी फॉर्म पुन्हा वाचला आणि विचारलं, म्हणजे तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?

मी म्हटलं, नव्हतं.

सर 'अच्छा' म्हणाले आणि फॉर्मवर शिक्का मारला.

सात महिने या क्लबात मी शूर होतो, आणि मला कोणी कळवलं नाही.